चार मिनिटांचा मदरबोर्ड

“तू हात लावलास म्हणूनच बंद पडलं!”

“मी हात लावला नसता तर बंद पडलंय हे तुम्हाला कळलं तरी असतं का, काका? अर्धा तास काळ्या पडद्याकडे बघत टाइप करत होतात तुम्ही!”

“विचार करत होतो मी! विचार करताना माणूस पडद्याकडे बघतो!”

“आणि बोटं? बोटंपण विचार करत होती?”

आई मध्ये पडली नसती तर मोठ्या काकांनी कीबोर्ड उचलून काडीच्या डोक्यात घातला असता. फार लागलं नसतं म्हणा, कारण त्या घरातल्या कीबोर्डावर प्लॅस्टिक असतं. रिमोटवर असतं, सोफ्यावर असतं, फ्रिजच्या दाराला कंपनीची निळी पट्टी सहा वर्षं तशीच असते. बाबांच्या चष्म्याच्या काचेवर नंबराचा गोल स्टिकर दीड महिना होता आणि ते त्याच्या बाजूने बघत होते. नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, ते आपणहून गळून पडेल तेव्हा पडेल, असा बाबांचा कायदा. ते पाणीपट्टीच्या कचेरीत जुनी कागदपत्रं सांभाळतात. तिथेही म्हणे कायदा तोच.

काडी म्हणजे घरातला धाकटा. वय सतरा. अंगाने काडी आणि घासली की पेटणार, म्हणून बिल्डिंगने मिळून ठेवलेलं नाव. शाळा त्याने दहावीत सोडली. का, ते विचारायचं नाही. शाळेला विचारलं तर एक गोष्ट ऐकायला मिळते, काडीला विचारलं तर दुसरी, आणि दोन्हींत शेवटी खिडकीची काच फुटते.

तर भांडण गुरुवारी संध्याकाळचं आणि घाई रविवारची. गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे. तिथे दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाच वाजता ‘उद्योगांची ओळख’ म्हणून व्याख्यान असतं. विषय चिठ्ठी उचलून मिळतो. मागे एकाला बिस्किटांचा उद्योग मिळाला होता. त्याने नमुने आणले होते, त्यामुळे ते व्याख्यान लोक अजून आठवतात. मोठ्या काकांच्या चिठ्ठीत निघालं, ‘संगणकाच्या मदरबोर्ड उद्योगातील बाजाराचे कल व वाढीची कारणे’. काकांनी मदरबोर्ड उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. पण विषय माहीत नाही म्हणून काका कधी अडले नाहीत. खोल समुद्रातल्या जीवसृष्टीवर ते दीड तास बोलले होते, आणि त्यांना पोहता येत नाही. स्वतःच्या घरातला कम्प्युटर सुनेच्या ताब्यात, म्हणून काडीच्या घरी येऊन त्यांनी बत्तीस पानं टाइप केली होती. आणि तेहतिसाव्या पानावर यंत्राने मान टाकली.

काडीने चार स्क्रू काढून डबा उघडला. आतली मोठी हिरवी पाटी दाखवून म्हणाला, “गेला. मदरबोर्ड गेला. ही छोटी पिंपं दिसतात ना, त्यांची पोटं फुगलीत.”

काका चष्मा सावरत वाकले. “मदरबोर्ड म्हणजे हा?”

“मग काय?”

“हिरवा?”

“बत्तीस पानं लिहिलीत ना याच्यावर?”

“बाजारावर लिहिलीत. वस्तूवर नाही.” काका सरळ उभे राहिले, पण चेहरा उतरला. त्यांनी पहिल्या पानावर ‘भव्य’ असं लिहिलं होतं.

“काका, ऐका. तुमची पानं डिस्कमध्ये आहेत, ती शाबूत आहे. ती काढून झेरॉक्सवाल्याकडे नेतो, दहा मिनिटांत छापून आणतो.”

“झेरॉक्सवाला वाचेल!”

“वाचू दे की. एक तरी माणूस वाचेल.”

पुन्हा आईला मध्ये पडावं लागलं. तेवढ्यात बाबा आले. त्यांनी बूट काढले, उघडा डबा बघितला, काडीकडे बघितलं, आणि कपाटातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. शाळेत परत प्रवेश घेण्याचा फॉर्म. भरून तयार. फक्त हेडसरांची सही बाकी.

“तुला सगळं येतं ना?” बाबा शांतपणे म्हणाले. बाबा शांतपणे बोलले की समजायचं, कचेरीत साहेबाने झापलंय. “रविवारी पाचच्या आत हा कम्प्युटर चालू कर, दादाचं व्याख्यान होऊ दे. मग वर्षभर या घरात शाळेचा विषय कुणी काढणार नाही. नाही जमलं, तर सोमवारी तू दहावीच्या बाकावर.”

सध्याच्या दहावीच्या वर्गाची मॉनिटर कोण, तर काकांची लेकीकडची नात. काडीला मामा म्हणायच्या ऐवजी ‘ए’ म्हणणारी. ती फळ्यावर त्याचं नाव लिहिणार, ‘बडबड करणारी मुलं’ या मथळ्याखाली.

“रविवारी कशाला? शनिवारीच करून दाखवतो!” काडी म्हणाला. त्याच्या तोंडाची हीच खोड आहे, डोक्याला न विचारता ते पुढे जातं.

शुक्रवार सकाळपर्यंत बातमी बिल्डिंगभर झाली आणि सल्ले यायला लागले. तळमजल्यावरचे रिटायर वायरमन म्हणाले, अर्थिंग बघ. त्यांना गुडघेदुखी सांगितली तरी ते अर्थिंगच बघायला सांगतात. समोरच्या काकू म्हणाल्या, “दोन दिवस त्याच्याकडे कुणी बघूच नका, आमचा मिक्सर असाच रुसला होता.” वरच्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले, बंद पडायच्या आधी यायला हवं होतं. काडीने सगळ्यांचं ऐकून घेतलं. म्हणजे वायरमनचं घेतलं. विमावाल्यांना त्याने काय उत्तर दिलं ते आईने नंतर जिन्यात जाऊन परत घेतलं.

मग काडी, बाबा आणि काका अशी वरात कम्प्युटरच्या बाजाराला गेली. बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, तीही अशा चेहऱ्याने, जणू घरात कुणीतरी अत्यवस्थ आहे.

दुकानदाराने जुना बोर्ड दोन बोटांत धरून उजेडात बघितला. “हा? याचं सॉकेट बंद होऊन जमाना झाला. आता याचा प्रोसेसर ज्यात बसतो तसा बोर्ड येतच नाही.”

“मग?”

“मग नवा बोर्ड. त्याच्यात बसणारा नवा प्रोसेसर.”

“जुन्याला काय झालंय?” बाबा म्हणाले. “चांगला आहे. वापरलेला पण नाही फारसा.”

“चांगला आहे हो, पण बसणार कुठे?”

काकांनी खिशातून वही काढली. “थांबा थांबा. म्हणजे कंपनी सॉकेट बदलते, म्हणून बोर्ड खपतो?”

“अजून काय!”

“वाढीचं कारण, क्रमांक एक!” काकांनी लिहून घेतलं. चेहरा असा फुलला, जणू कुणी त्यांना हार घातलाय.

मग कळलं की जुनी रॅम नव्या बोर्डात बसत नाही, तिची खाच दुसरीकडे आहे. कारण क्रमांक दोन. बोर्डाला वीज पुरवणाऱ्या डब्याला एक वायर कमी पडते. कारण क्रमांक तीन. बोर्ड जुन्या कॅबिनेटपेक्षा दोन बोटं लांब. क्रमांक चार. एका काचेच्या कपाटात एक बोर्ड लाल, निळा, जांभळा असा चमकत होता.

“याला दिवे कशाला?” काकांनी विचारलं.

“गेमवाले घेतात, साहेब. सगळ्यात जास्त हेच जातात.”

“पण डबा बंद केल्यावर दिसणार कसे?”

“म्हणून डब्याला काच लावतात.”

काका लिहिताना हसत होते, बाबा मात्र एकेका वस्तूला खुजे होत चालले होते. काडीला कधी नव्हे ते वाईट वाटलं. चार मोडक्या पिंपांसाठी निघालेला माणूस आख्खा कम्प्युटर घेऊन चालला होता, आणि त्याचा सख्खा भाऊ शेजारी उभा राहून त्याला क्रमांक देत होता. शेवटी दुकानदाराने बिल करायला घेतलं आणि नाव विचारलं. त्याच वेळी काडी ओरडला, “काका, त्या बोर्डाला हात लावू नका!” आणि दुकानदाराने ग्राहकाच्या नावापुढे लिहिलं, ‘काका’. ते तेव्हा कुणी बघितलं नाही.

संध्याकाळी जुळणी. डायनिंग टेबलावर चादर, चादरीवर बोर्ड, भोवती अर्धी बिल्डिंग. वायरमन टॉर्च धरून, काकू सूचना धरून. काडीचे हात मात्र सुरेख चालले होते. शाळेत त्याच्या हातांनी पट्टीशिवाय काही खाल्लं नाही, पण इथे एकेक पिन, एकेक वायर अशी लागत होती की काकूसुद्धा पाव मिनिट गप्प बसल्या. प्रोसेसर फार तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर धातूचा ठोकळा आणि पंखा बसवतात. काडीने ठोकळ्याच्या तळावरचं पारदर्शक प्लॅस्टिक सोललं, ठोकळा बाजूला ठेवला आणि दारावरची बेल वाजली म्हणून उठला. विमावाले होते. आता तरी विमा काढा म्हणायला आले होते. त्यांच्याशी दोन मिनिटं भांडून तो आला, प्रोसेसरवर गरमी ओढून घेणारं मलम लावलं, ठोकळा दाबून बसवला, जुनी डिस्क जोडली.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा उजळला. टाळ्या! काकांनी तर काडीचा गालगुच्चा घेतला, जो त्याला अजिबात चालत नाही.

चार मिनिटांनी पडदा काळा.

पुन्हा बटण. चार मिनिटं. काळा. काकांनी घड्याळ लावलं आणि दर वेळी शेवटचे दहा सेकंद मोठ्याने मोजायला लागले, त्यामुळे घरात एखादं यान सुटतंय असं वाटत होतं.

“तरी म्हटलं, अर्थिंग,” वायरमन म्हणाले.

“घाई केली त्याने,” काकू म्हणाल्या.

“शाळेत असाच,” काका म्हणाले. “उत्तर येतं, पण पेपर पूर्ण होत नाही.”

“बोर्डच खराब निघालाय!” काडी ओरडला. “माझी एकही वायर चुकलेली नाही! लावा पैज!”

पैज कुणी लावली नाही. बाबांनी फक्त टेबलावरचा फॉर्म उचलून त्यावरची धूळ पुसली.

शनिवारी सकाळी काडी पंख्यासकट बोर्ड खोक्यात घालून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेला, बरोबर बाबा. टोकन घेतलं, एकवीस. चालू होतं तीन. बारा वाजता खिडकीशी पोचले. खिडकीतल्या बाईंनी खोकं उघडायच्या आधी फॉर्म दिला. त्यात एक चौकट: ‘अर्जदाराचे शिक्षण’.

“बोर्ड दुरुस्त करायला शिक्षण कशाला लागतं?”

“फॉर्ममध्ये आहे.”

“बोर्डाला विचारा, त्याचं किती झालंय.”

“चौकट रिकामी असली तर कम्प्युटर फॉर्म घेत नाही.”

काडीने लिहिलं, ‘चालू आहे’. बाईंनी वाचलं, त्याच्याकडे वर बघितलं, पुढे गेल्या. “सॉकेटवरचं काळं झाकण?”

“कसलं झाकण?”

“नव्या बोर्डाच्या सॉकेटवर प्लॅस्टिकचं झाकण येतं. ते लावल्याशिवाय परत घेत नाही. नियम आहे.”

काडीला ते झाकण आठवलं. शुक्रवारी संध्याकाळी त्याने ते उपटून मागे भिरकावलं होतं. तो तोंड उघडणार, तोच बाबांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी पिशवी काढली. पिशवीत झाकण. पुसलेलं.

“कचऱ्यात होतं,” बाबा म्हणाले. “नवं कोरं टाकून देतात का कुणी!”

काडीला त्या क्षणी बाबांना खांद्यावर घ्यावंसं वाटलं. रांगेतल्या एका माणसाने बाबांशी हात मिळवला, त्याचं काम त्या झाकणापायी आठवडाभर अडलं होतं. मग बाईंनी बिल बघितलं.

“ग्राहकाचं नाव काका?”

“हो. म्हणजे, माझे काका.”

“मग त्यांचं ओळखपत्र दाखवा.”

“दाखवतो, पण त्यावर त्यांचं नाव आहे.”

“मग चालणार नाही. बिलावर ‘काका’ आहे, तर ओळखपत्रावर ‘काका’ लागेल. नाहीतर दुकानातून बिल बदलून आणा. आणि तपासणीला सात दिवस, रविवार सोडून.”

“सात दिवस! माझं उद्या पाच वाजता आयुष्य आहे!”

“टोकन बावीस,” बाई म्हणाल्या.

काडीने खोकं ओढून घेतलं. “ठेवा तुमचा नियम! बोर्डात काय आहे ते मीच शोधतो. आणि त्या चौकटीत खाडाखोड करू नका, शिक्षण चालूच आहे!” बाबांनी त्याच्या वतीने बाईंना “बरं, येतो” म्हटलं आणि दोघं बाहेर पडले. बिल बदलायला गेले तर दुकान बंद होतं. शनिवारी अर्धा दिवस.

रविवारी सकाळी काडीने ठोकळा आणि पंखा सोडून सगळं पुन्हा सुटं केलं. जेवला नाही. एकेक वायर काढून लावली, रॅम काढून लावली. तीन वाजता त्याला सुचलं, मलम नीट पसरलं नसेल. त्याने पंखा उचलून ठोकळा उलटा केला.

तळावर पारदर्शक प्लॅस्टिक होतं. अगदी नीट चिकटवलेलं, हवेचा एक बुडबुडा नाही, कडा नखाने दाबलेल्या. त्यावर लाल अक्षरात छापलेलं, ‘वापरण्यापूर्वी काढा’.

असं घट्ट, असं सुबक, असं प्रेमाने प्लॅस्टिक चिकटवणारा माणूस त्या घरात एकच होता.

“बाबा!”

बाबा आले. बघितलं.

“हे मी सोललं होतं.”

“हो. तू दार उघडायला गेलास तेव्हा टेबलावर उघडंच पडलं होतं.” बाबांचा आवाज बारीक झाला. “नवी वस्तू. चरे पडले असते.”

“ते मधे राहिलं की प्रोसेसरची गरमी बाहेर जात नाही, बाबा! चार मिनिटांत भाजून निघतो बिचारा आणि जीव वाचवायला बंद पडतो! दोन दिवस मी बोलणी खातोय!”

“मी जपायला गेलो रे,” बाबा म्हणाले.

काडीने प्लॅस्टिक टरकावून काढलं. पुढचं सगळं पाऊण तासात झालं. नव्या बोर्डावर जुनी सिस्टीम धड चालेना, म्हणून नवी टाकली. पानं शाबूत होती. चार मिनिटं झाली, पाच झाली, काका मोजून मोजून थकले, यंत्र चालूच. साडेचारला काडीने काकांची फाइल उघडली.

पडद्यावर बत्तीस पानं आली. सगळी टिंबं, डॉलरची चिन्हं आणि डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं.

“हे मी लिहिलंय?” काकांनी विचारलं.

“तुमचा जुना फॉन्ट नव्या सिस्टीममध्ये नाही. सीडी आहे त्याची?”

सीडी होती. बाबांनी जपलेली, पिशवीत. फक्त नव्या कॅबिनेटला सीडी घालायला जागाच नव्हती. आता तशी जागा कुणी ठेवत नाही म्हणे. आणि रविवारी झेरॉक्सवालाही बंद. काकांनी सवयीने वही काढली, क्रमांक पाच लिहिणार तोच खाली बसले. पाच वाजायला बारा मिनिटं होती.

वाचनालयात चाळीस खुर्च्या आणि पस्तीस माणसं. बिस्किटांनंतर एवढी गर्दी झाली नव्हती. नमुने मिळतील अशी अफवा होती. अध्यक्षांच्या खुर्चीत कोण, तर हेडसर. काका उभे राहिले. “मदरबोर्ड,” ते म्हणाले, “हा भव्य...” आणि थांबले. ते पाणी प्यायले. पुन्हा “भव्य” म्हणाले. पुन्हा पाणी.

तिसऱ्या भव्यला काडी उठला. काखेत जुना, फुगल्या पोटांचा बोर्ड होता. “भव्य काही नाही,” तो म्हणाला. “हा एवढाच असतो. बाजार का वाढतो, मी सांगतो. आमच्याकडे ही चार पिंपं फुगली. त्यासाठी नवा बोर्ड. त्याला जुना प्रोसेसर चालेना, रॅम चालेना, वीज पुरेना, डबा पुरेना. चालणारी प्रत्येक वस्तू आम्ही टाकून दिली आणि बंद पडलेली वस्तू ही माझ्या हातात आहे! हा उद्योग कशावर उभा आहे? एकाचं दुसऱ्याला बसू नये यावर! बाकी मग दिवे. डबा बंद, आत रोषणाई. तेच सगळ्यात जास्त खपतं, कारण ते घेणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण हौसेला घेतोय. आमच्यासारख्याला वाटतं, आपण दुरुस्ती करतोय.”

सभागृहात खसखस पिकली. मागून कुणीतरी ओरडलं, “आणि तो चार मिनिटांनी बंद का पडत होता रे?”

काडी थांबला. बाबा तिसऱ्या रांगेत होते. पण त्याच्या तोंडाची खोड सांगितलीच आहे. “बाबांनी सोललेलं प्लॅस्टिक परत चिकटवलं म्हणून!”

हशा उसळला. बाबा ताडकन उभे. “हो, मीच चिकटवलं! आणि झाकण कुणी कचऱ्यातून काढलं? तेही सांग!”

“सांगणारच होतो!”

“कधी? माझं अख्ख्या गल्लीत हसं करून झाल्यावर?”

“दोन दिवस माझं हसं झालं ते?”

दहा मिनिटं बापलेक भरसभेत तावातावाने भांडले, आणि लोक म्हणतात की मदरबोर्डाबद्दल जे काय कळलं ते त्या दहा मिनिटांतच कळलं. शेवटी हेडसरांनी टेबलावर पट्टी आपटली. ती त्यांच्याजवळ असतेच.

“असा मुलगा बाहेर राहिला तर वाया जाईल,” ते बाबांना म्हणाले. “तो फॉर्म आणा. आत्ता सही करतो. उद्यापासून बाकावर बसवून वळण लावू.”

फॉर्म बाबांच्या हातात होता. काडीच्या तोंडचं पाणी पळालं. यंत्र चालू झालं होतं, पण काकांचं व्याख्यान काही काकांनी दिलं नव्हतं, आणि बाबांसारख्या कागदातल्या माणसाला एवढी फट पुरते.

बाबा अजून भांडणाच्या तावात होते. ते तसेच हेडसरांकडे वळले.

“अट माझी आणि त्याची आहे, सर. कम्प्युटर पाचच्या आत चालू झाला. व्याख्यान झालं, या पस्तीस जणांनी ऐकलं. कुणी दिलं ते अटीत नव्हतं.” त्यांनी फॉर्म उभा फाडला, मग आडवा. कागद फाडताना त्यांना आयुष्यात कुणी पाहिलं नव्हतं, आईने तर तोंडावर हात ठेवला. “आणि वळणाचं म्हणाल, तर त्याची एकही वायर चुकली नव्हती. चूक माझी होती. तो दोन दिवस ओरडून हेच सांगत होता आणि मीच ऐकलं नाही!”

आभारप्रदर्शन झालं, खुर्च्या हलल्या. काडी बोर्ड काखेत मारून दारापर्यंत पोचला, तेव्हा हेडसर मागून आले आणि पट्टी पाठीमागे धरून हळूच म्हणाले, “आपल्या शाळेत सात कम्प्युटर आहेत. सातही बंद.”

“मग?”

“मग बघशील का?”

“बघीन. पण बाकावर बसून नाही. आणि मी काम करत असताना त्या मॉनिटरने फळ्यावर काही लिहायचं नाही.”

हेडसरांनी बराच विचार करून मान डोलावली. आता सोमवार, पावणेअकरा. काडीने स्क्रू ड्रायव्हर खिशात घातलाय. वायरमन जिन्यात उभे आहेत, अर्थिंग बघायला बरोबर येतो म्हणतायत. त्यांना तो काय सुनावतो, तेही इथे सांगता आलं असतं. पण शाळेची वेळ झाली, त्याला आता निघायला हवं.